लेकरांना नीट बोलायला आणि खरं सांगायला शिकवताना

अंगणवाडीतला माठ फुटला होता. खापऱ्या दारापर्यंत गेलेल्या, पाणी पोरांच्या बस्करांखाली शिरलेलं. मी तेव्हा नवीनच कामाला लागले होते. कमरेवर हात ठेवून मी मोठ्यानं विचारलं, "माठ कोणी फोडला?" चौदा लेकरं बसली होती. चौदाही म्हणाली, "मी नाही." सगळ्यांत आधी म्हणाली ती चार वर्षांची एक पोरगी, जिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला होता. मी तिला दटावून कबूल करायला लावलं आणि कोपऱ्यात बसवलं. महिन्याभरानं तिची आजी आली. म्हणाली, "बाई, लेकरू घरी आलं की आधी घटाघटा तांब्याभर पाणी पितंय. इथं पाणी नसतं का?" पाणी होतं. ती त्या दिवसानंतर माठाजवळ गेलीच नव्हती.

मला उत्तर माहीत होतं. तरी मी प्रश्न विचारला, आणि त्या लेकराला खोटं बोलायची जागा करून दिली.

गंगाखेडच्या बाजूच्या एका गावात मी वीस वर्षं अंगणवाडी सांभाळली. नव्यानं आई-बाप झालेल्यांसाठी, आणि नव्यानं सेविका, मदतनीस किंवा बालवाडीच्या ताई म्हणून लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. वय धरलंय साधारण दोन ते सात. सांगायचं आहे ते एवढंच, की खरं सांगणं लेकराला परवडलं पाहिजे, आणि मान द्यायला शिकवताना त्याला माणसं निवडायला शिकवू नये. हे रोजच्या दिवसात बसवायचं कसं, ते पायरीपायरीनं सांगते.

पहिली पायरी: आधी वय बघा

दोन वर्षांचं लेकरू खोटं बोलत नसतं. तोंडाला गूळ लागलेला असताना ते "नाई खाल्ला" म्हणतं, तेव्हा ते फक्त "रागावू नको" म्हणत असतं. अडीच-तीनच्या पुढं पहिलं खरंखुरं खोटं येतं. चारच्या आसपास त्याला उमगतं, की माझ्या मनातलं आईला आपोआप दिसत नाही. मी सांगेन तेच तिला कळणार. हे उमगणं म्हणजे बुद्धीची वाढ आहे. त्यामुळं पोर पहिल्यांदा खोटं बोललं म्हणून घाबरून जाऊ नका, "आत्तापासून असं, तर पुढं काय" असं म्हणून डोक्याला हात लावू नका. वळण लावायचं काम मात्र तिथूनच सुरू होतं.

याच वयात आणखी एक प्रकार असतो, त्याला खोटं म्हणायचंच नाही. "आमच्या वावरात हत्ती आला होता, त्यानं सगळा ऊस खाल्ला." हे पोराच्या मनातलं चित्र आहे. ते ऐकून घ्या, "केवढा होता? सोंड कुठपर्यंत आली?" असं विचारा. ऐकून झाल्यावर सावकाश म्हणा, "ही गोष्ट झाली. आता वावरात खरं काय झालं ते सांग." आमच्या अंगणवाडीत 'गोष्ट' आणि 'झालेलं' असे दोन शब्द ठरलेले होते. कोणी काही सांगायला आलं की मी विचारायची, "गोष्ट सांगतोस का झालेलं सांगतोस?" पाच वर्षांचं पोर थोडं थांबायचं, विचार करायचं आणि म्हणायचं, "अर्धी गोष्ट हाय बाई." एवढं वेगळं करता आलं की पुष्कळ झालं.

आपल्याकडं खोटं बोलण्याला 'लबाड बोलणं' म्हणतात. "लबाड बोलू नको" हे म्हणा, काही हरकत नाही. पण "तू लबाडच आहेस", "याचं काही खरं नसतं" असं पोराच्या तोंडावर, पाहुण्यांसमोर म्हणू नका. चार वर्षांचं लेकरू स्वतःबद्दल जे ऐकतं ते खरं मानतं.

दुसरी पायरी: हाक, 'ओ' आणि अहो-जाहो

मराठीत अदब बहुतेक वेळा क्रियापदात असते. 'प्लीज' आणि 'थँक्यू' शिकवायला माझी ना नाही, शाळेत ते लागतातच. पण घरात त्यांच्यावरच अडून बसलं, तर पोर "थँक्यू" म्हणतं आणि त्याच दमात आजोबांना "ए, सरक" म्हणतं. त्यापेक्षा 'दे' आणि 'द्या' यांतलं अंतर त्याच्या कानाला कळू द्या. "पाणी दे" हा हुकूम. "पाणी द्या ना" यात मान आहे. "जरा पाणी देता का?" यात मान आहे, शिवाय समोरच्याला नाही म्हणायची मोकळीकही आहे. लहान पोराला हे समजावून सांगायचं नसतं. ते "पाणी दे" म्हणालं की तुम्ही हसऱ्या तोंडानं "पाणी द्या ना, आजी" असं म्हणून दाखवायचं, त्यानं तसं म्हटलं की लगेच पाणी द्यायचं. न म्हटलं तर तहानलेल्या लेकराला ताटकळत ठेवायचं नाही. पाणी द्यायचं, पुढच्या वेळी पुन्हा म्हणून दाखवायचं.

आईला 'तू' म्हणणं हा उद्धटपणा नाही. आमच्या भागात माय, आजी, मावशी यांना बहुतेक घरांत 'तू'च म्हणतात, त्यात जिव्हाळा आहे. तो मोडू नका. घराबाहेरच्या मोठ्या माणसासाठी मात्र नियम सरळ ठेवा: नात्याचा शब्द आणि अहो-जाहो. काका, मामा, मावशी, आत्या, दादा, ताई, आबा.

हाक मारली की 'ओ' द्यायची, हे दोन वर्षांच्या लेकरालाही जमतं. त्याचा खेळच करता येतो. तुम्ही दाराआडून हाक मारा, त्यानं 'ओ' द्यायची. मग त्यानं हाक मारायची, तुम्ही 'ओ' द्यायची. ही दुसरी बाजू आपण विसरतो. लेकरू पाच वेळा "आई, आई" करतं आणि आपण मोबाईलमधून मान वर काढत नाही. मग त्यानं पहिल्या हाकेला ओ द्यावी, ही अपेक्षा कशाच्या जोरावर धरायची?

निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. कोणाच्या दारात गेलं की उंबऱ्याबाहेर थांबून "येऊ का?" विचारायचं. चुकून कोणाला पाय लागला तर त्याला हात लावून तो कपाळाला लावायचा. हे आपल्या घरांत आहेच, फक्त लेकराला मुद्दाम दाखवावं लागतं. रामराम घालणाऱ्याला रामराम, जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम, जय हरी म्हणणाऱ्या माळकरी आबांना जय हरी, सलाम करणाऱ्या चाचांना सलाम. ज्याचा जो नमस्कार, तोच त्याला परत करायचा. आमच्या गावातली लेकरं हे झटकन शिकायची, कारण दर वेळी समोरचा माणूस खुलायचा.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते मान शिकवण्यातली सगळ्यात मोठी चूक इथं होते. पाटलाच्या ओसरीवर बसलेलं पाच वर्षांचं पोर, आणि समोर पांढऱ्या केसांचा सालगडी. पोर त्याला नुसत्या नावानं हाक मारतं: "ए, माझा चेंडू आण." ओसरीवर चार मोठी माणसं बसलेली असतात, कोणी काही बोलत नाही. तेच पोर दुसऱ्या दिवशी गुरुजींना वाकून नमस्कार करतं आणि सगळे म्हणतात, काय संस्कार आहेत. त्या पोरानं काय शिकलं? कोणाला अहो म्हणायचं आणि कोणाला अरे, हे कपड्यांवरून, कामावरून, वस्तीवरून ठरवायचं, हे ते शिकलं. ही जात शिकवणंच आहे, तोंडातून तो शब्द न काढता.

म्हणून घरात पहिली यादी साहेबांची करू नका. कचऱ्याची गाडी घेऊन येणारे, गटार काढणारे, टँकर चालवणारे, चपला शिवणारे, भांडी घासायला येणाऱ्या, दूध घालणारे, सालगडी, भंगार गोळा करणाऱ्या, या सगळ्यांची नाती आधी ठरवा. काका, मावशी, मामा, आजी. आणि मोठ्यांनीही तसंच म्हणायचं. बापानं सालगड्याला अरे-तुरे केलं आणि पोराला काका म्हणायला लावलं, तर पोर बापाचंच उचलतं. आमच्याकडं पाडव्याला नवं साल धरतात. एका घरात त्या दिवशी नव्या गड्याला चहा देताना सुनेनं लेकराला ओळख करून दिली: "हे काका आजपासून आपल्या वावरात काम करणार आहेत. काकांना रामराम कर." एवढंच केलं. ते पोर आता कॉलेजात आहे आणि अजून त्यांना काकाच म्हणतं.

तिसरी पायरी: सरावाला जागा द्या

नुसतं सांगून अंगवळणी पडत नाही. वागून बघायला जागा लागते. अंगणवाडीत आम्ही आठवड्याचा बाजार भरवायचो. चिंचोके म्हणजे पैसे, पानं म्हणजे मेथी-शेपू. "मावशी, कशी दिली मेथी?" "दहाला जुडी." "द्या एक." "घ्या." गिऱ्हाईक आणि दुकानदार दर वेळी अदलाबदल. जो काल "ए मेथी दे" म्हणत होता, त्याला दुकानदार झाल्यावर ते ऐकायला कसं वाटतं हे कळायचं. चिंचोके मोजून सुट्टे परत देताना एखादा जास्त आला तर "मावशी, एक जास्तीचा आला" म्हणायचं. अदब आणि खरेपणा एकाच खेळात.

येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं सगळं गाव वावरात जेवायला असतं, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून आंबील-भज्जी वाढतात. त्या दिवशी पाच वर्षांच्या पोराच्या हातात पाण्याचा तांब्या द्या. आधी पाहुण्याला, मग घरच्यांना, शेवटी स्वतःला. सांडलं तर सांडलं. संक्रांतीला तिळगूळ वाटायला त्याला एकट्याला चार घरं फिरू द्या.

उन्हाळ्यात टँकरची रांग हा आमच्याकडचा सगळ्यात कठीण पाठ. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणी कमी असतं तेव्हा मोठी माणसंही रांग मोडतात. लेकरू सोबत असेल तर निदान तुम्ही मोडू नका, आणि एखाद्या म्हातारीला पुढं जाऊ देणार असाल तर ते तुमच्या मागच्याला विचारून करा. पोर ते बघत असतं.

चौथी पायरी: चूक झाली की 'सॉरी'च्या आधी फडकं

एका पोरानं दुसऱ्याला ढकललं की आपण मान धरून म्हणायला लावतो, "सॉरी म्हण." ते म्हणतं आणि पुन्हा ढकलतं. लहान लेकराला शब्दापेक्षा हाताचं काम कळतं. ढकललं? मग पडलेल्याला उठव, त्याचा गुडघा बघ, पाणी आणून दे. सांडलं? फडकं आण, दोघं मिळून पुसू. चित्र फाडलं? भाताची शितं लावून चिकटवून दे. हे झाल्यावर "चुकलं माझं" असा शब्द येतो, बऱ्याचदा आपला आपणच येतो. तुमच्याकडून चूक झाली तर तुम्हीही लेकराला "चुकलं माझं, मी उगाच ओरडले" असं म्हणा. आई-बापाचा मान यानं कमी झालेला मी वीस वर्षांत एकदाही पाहिला नाही.

पाचवी पायरी: खरं सांगणं परवडू द्या

माठाकडं परत येते. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, तो प्रश्न विचारूच नका. कपबशी फुटलेली दिसते, पोराच्या हातात कान तुटलेला कप आहे, तर "तू फोडलास का?" कशाला? "कप फुटला. काच लागली का कुठं? चप्पल घाल, मी झाडू आणते." यात खोटं बोलायला जागाच नाही. हे एक केलंत तर घरातलं निम्मं खोटं बंद होईल, असं माझं मत आहे.

खरोखर माहीत नसेल, तर विचारण्याआधी आवाज खाली आणा, खाली बसा, डोळ्याच्या रेषेत या. घरात एक वाक्य ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच म्हणा. आमचं होतं: "खरं सांग, मग आपण मिळून निस्तरू." आणि लेकरानं खरं सांगितलं की तीन गोष्टी लागोपाठ करायच्या. "खरं सांगितलंस, बरं केलंस" असं म्हणायचं. मग जे बिघडलं ते दोघांनी मिळून निस्तरायचं. आणि संध्याकाळी ती गोष्ट आत्याला, शेजारणीला, फोनवर मामाला सांगत बसायचं नाही. ही तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाते. पण कबुली दिलेलं लेकरू ओसरीवर चेष्टेचा विषय झालं, तर पुढच्या वेळी ते तोंड उघडणार नाही.

मार बसणार असेल तर लेकरू खोटं बोलणारच, ते स्वतःला वाचवत असतं. याचा नीट अभ्यास झालेला आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या कॅनडातल्या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन पाहिलं. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एका शाळेत छडी, चापटी, चिमटे रोजचे होते, दुसरीत नव्हते. मुलाच्या पाठीमागं खेळणं ठेवायचं, "मागं वळून बघू नको" सांगून खोलीबाहेर जायचं, परत येऊन "बघितलंस का?" विचारायचं. वळून बघणारी मुलं दोन्ही शाळांत होती. पण मार असलेल्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं टिकवून धरण्यातही ती जास्त तरबेज होती. छडीनं त्यांना खोटं पचवायला शिकवलं होतं. आपल्याकडं शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, १७ व्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. घरासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही.

याचा अर्थ चुकीला काहीच परिणाम नको, असा नाही. फडकं मारणं हा परिणामच आहे. ज्या काठीनं दिवा फुटला ती काठी दोन दिवस माळ्यावर जाणं हाही परिणाम आहे. फक्त तो झालेल्या चुकीबद्दल असावा, खरं सांगितल्याबद्दल नसावा.

शाबासकीचंही जपा. "किती हुशार आहे माझं बाळ" हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. २०१७ साली चीनमधल्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्ते ओळखायच्या खेळात ज्यांना "तू हुशार आहेस" म्हटलं होतं, त्यांनी लपून पत्ता बघण्याचं प्रमाण "या वेळी छान केलंस" असं ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त निघालं. हुशारी टिकवून दाखवायचं ओझं येतं, मग लेकरू चोरवाट शोधतं. त्यापेक्षा केलेल्या कामाचं नाव घ्या: "बी सगळी सरळ रेघेत लावलीस."

सहावी पायरी: मोठ्यांनी आपली लबाडी आवरायची

"बाबा घरी नाहीत म्हणून सांग." दारात उधारीवाला किंवा फोनवर कोणी असलं की हे वाक्य किती घरांत ऐकू येतं. लेकरू जाऊन म्हणतं, "बाबा म्हणाले, बाबा घरी नाहीत." सगळे हसतात. त्या लेकराला मात्र कळत नाही, की आपण नेमकं काय चुकलो. लेकराला अशा कामाला लावू नका. "बाबा आत्ता बोलू शकत नाहीत" हे खरं आहे, ते सांगायला द्या.

"झोप, नाहीतर बागुलबुवा येईल", "पोलीस धरून नेतील", "डॉक्टर सुई टोचतील": ही सगळी खोटी भीती आहे, आणि खरोखर डॉक्टरकडं न्यायची वेळ येते तेव्हा ती आपल्यावरच उलटते. लसीच्या दिवशी "काही दुखणार नाही" म्हणू नका. "मुंगी चावल्यासारखं दुखेल, मी हात धरून बसते" म्हणा. रडेल, पण पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवेल.

आणि आता ऊसतोडीचं. बीड जिल्ह्यातून आणि आमच्या आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडं निघतात. कोणी लेकरांना सोबत कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, नेतं, कोणी आजी-आजोबांकडं ठेवून जातं. ठेवून जाणारे बहुतेक जण रात्री निघतात. लेकरू झोपलेलं असतं. आदल्या संध्याकाळी त्याला सांगितलेलं असतं, "उद्या बाजारातून खाऊ आणते." सकाळी उठून ते माय शोधतं. मी अशी लेकरं पाहिली आहेत, जी महिनाभर गेल्यावरही प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला दारात पळतात. त्या आईला दोष देत नाही मी. लेकराचं रडं तिला सहन होणार नसतं, आणि उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, घेतलेली असल्यानं थांबताही येत नाही. पण त्या लेकराचं तुमच्या 'उद्या'वरचं मन उडतं, ते परत बसायला फार दिवस जातात.

एका आईला मी खरं सांगून बघायला सांगितलं. तिनं चार दिवस आधी पोराला जवळ घेऊन सांगितलं, "आम्ही ऊस तोडायला जाणार. तू आज्जीजवळ राहायचं. संक्रांत येईल, तेव्हा आम्ही नसू. होळी येईल. मग कारखान्याचा पट्टा पडला की आम्ही येऊ." पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद होणं. पोर रडलं, दोन दिवस रडलं. मग आजीनं दाराजवळच्या खुंटीला एक दोरी बांधली आणि दर बाजाराच्या दिवशी त्यात एक गाठ मारायला पोराला उचलून घेतलं. पोराला आकडे येत नव्हते, गाठी येत होत्या. पट्टा पडायला उशीर झाला, तेव्हा आईनं फोनवर स्वतः सांगितलं, "अजून दोन गाठी लागतील." ते पोर अंगणवाडीत शांत बसायचं, जेवायचं. शेजारच्या घरातलं, ज्याला 'उद्या' सांगितलं होतं, ते मार्गशीर्षभर माझा पदर सोडत नव्हतं.

लेकराला सांगता येत नाही असं सगळं सांगायची गरज नाही. कर्ज किती, भांडण कशावरून, हे त्याला कशाला? पण जे सांगाल ते खरं असू द्या.

सातवी पायरी: गोष्टी निवडून सांगा

आपण पोरांना खोट्याचं वाईट फळ दाखवणाऱ्या गोष्टी सांगतो. लांडगा आला रे आला, आणि शेवटी मेंढ्या गेल्या. पण कँग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर करून पाहिलं, त्यात लांडग्याची गोष्ट ऐकून मुलांच्या खरं बोलण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो वडिलांचं झाड तोडून कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल कौतुक झालेल्या मुलाच्या गोष्टीनं. म्हणून माझी निवड लाकूडतोड्याची. सोन्याची कुऱ्हाड समोर असून "ही माझी नाही" म्हणणारा माणूस.

आणि आपल्या मातीतली हवी असेल तर पैठणच्या नाथांची. एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडं होते, तेव्हा त्यांच्याकडं हिशेबाचं काम होतं. एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या चाळत बसले आणि पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. परंपरेत ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. मी लेकरांना पैसाठी सांगते. पै म्हणजे केवढीशी? जुन्या हिशेबात एका रुपयाच्या १९२ पै. तेवढ्याशासाठी रात्रभर जागणारा माणूस त्यांना फार आवडतो. गोष्ट संपली की दिवा, वही आणि टाळी याचं सोंग होतं आणि प्रत्येकाला नाथ व्हायचं असतं.

आठवी पायरी: दुसऱ्याची वस्तू

दप्तरात कोणाचं खोडरबर निघालं, खिशात किराणा दुकानातलं चॉकलेट निघालं, की लगेच चोर म्हणू नका. तीन-चार वर्षांच्या लेकराला 'माझं' कळतं, 'त्याचं' अजून पक्कं कळत नाही. वस्तू घेऊन सोबत जा. दुकानदाराला आधी एकट्याला गाठून सांगा, की लेकरू वस्तू परत करायला येतंय, ओरडू नका. मग लेकराच्या हातानं द्यायला लावा, बोला तुम्ही: "हे चुकून आमच्याकडं आलं." दोन मिनिटांत आटपून घरी या. वाटेत व्याख्यान नको.

नववी पायरी: अदब आणि खरेपणा समोरासमोर येतात तेव्हा

मामीनं आणलेला फ्रॉक आवडला नाही. आत्याच्या भाजीत तिखट जास्त झालं. "खरं बोल" आणि "मोठ्यांचं मन मोडू नको" दोन्ही आपणच शिकवलेलं असतं, मग लेकरू काय बोलणार? त्याला खोटं कौतुक शिकवू नका, त्यातलं खरं आणि बरं शोधायला शिकवा. "मामी, तुम्ही माझ्यासाठी आणलं!" हे खरं आहे. "मला एवढीच भाजी पुरे" हेही खरं आहे. ताटात अजून एक भाकर वाढायचा आग्रह चालला असेल तर लेकराच्या बाजूनं तुम्ही बोला.

एका बाबतीत मात्र अदब मागं ठेवायची. कोणी जवळचं, मोठं, मानाचं माणूस असलं तरी लेकराला नकोसा स्पर्श झाला, तर "नको" म्हणायचं, ओरडायचं, पळायचं. तिथं 'मोठ्यांचं ऐकायचं' हा नियम लागू नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. पाहुण्याच्या मांडीवर बसायचं नसेल तर ढकलू नका, लांबून रामराम पुरे. 'गंमत' आणि 'गुपित' वेगळं करून सांगा: वाढदिवसाचा खाऊ लपवून ठेवणं ही गंमत, ती नंतर सगळ्यांना कळते. "आईला सांगू नको" असं कोणी म्हणालं, तर ते आईला आधी सांगायचं. मुलांसाठीचा १०९८ हा मोफत फोन नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

शेवटचं: उद्धट ठरवण्याआधी कान तपासा

हाकेला ओ देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, विचारलं तर भलतंच उत्तर देतं: असं पोर 'उद्धट' किंवा 'लबाड' ठरायला वेळ लागत नाही. आधी बघा, त्याला ऐकू येतं का. पाठीमागं उभं राहून हळू हाक मारा, वाटी वाजवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अशा लेकराचं नाव त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवा, आणि पथक यायला वेळ असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कान वाहत असेल तर घरचं गरम तेल घालू नका.

माझ्याकडं असं एक पोरगं होतं. सहा महिने मी त्याला म्हणत होते, "बहिरा आहेस का?" एक दिवस त्याच्या उशीचा डाग त्याच्या आजीनं दाखवला. दोन्ही कान फुटलेले होते. औषध झालं, पुन्हा तपासणी झाली. त्यानंतर महिन्याभरानं, पाऊस लागला होता, पोरं ओसरीवर बसली होती, मी आतून त्याला सहज हाक मारली. बाहेरून एवढ्या मोठ्यानं "ओ" आली, की सगळी लेकरं त्याच्याकडं वळून बघायला लागली.